पाहुणे आले की बसायचं

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद आहेतच, ते काही संपायचे नाहीत. फोन करू नकोस, ऑफिसच्या मेलवर तर मुळीच नको, घरच्या पत्त्यावर कागदावर लिही, असं तू बजावलंस म्हणून टपाल कार्यालयात गेले. तिथल्या माणसाने पाकिटं शोधायला अख्खा ड्रॉवर उपसला आणि हळू आवाजात विचारलं, कोणी वारलं का. आता लोक तेवढ्यासाठीच लिहितात म्हणे.

तुमच्या फाउंडेशनचा नियम कळला. नातेवाइकाची संस्था असेल तर आधी तसं लिहून द्यायचं आणि त्या प्रस्तावापासून लांब राहायचं. तू लिहून दिलेलं नाहीस. लग्नाने माझं आडनाव बदललं ते असं उपयोगी पडेल असं माझ्या सासरच्यांनाही वाटलं नसेल. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. अर्ज मी सरळ केलाय, काम सरळ आहे. तू मदत करू नकोस, फक्त मध्ये येऊ नकोस, एवढं पुरे.

आमचं काम तू कधी येऊन पाहिलं नाहीस, म्हणून लिहिते. कारखान्यामागच्या वस्तीत बंद पडलेल्या छापखान्याच्या दोन खोल्या आहेत. भिंतीला अजून शाईचा वास येतो. जन्मापासून हातपाय आखडलेली मुलं इथे येतात. मोठं इस्पितळ दोन बस बदलून आहे, आणि वाढत्या अंगाचं मूल कडेवर घेऊन दोन बस कोण बदलणार? म्हणून व्यायामाच्या बाई आठवड्यातून तीन दिवस इथे येतात, आणि बाकीचे दिवस त्यांनी शिकवलेलं मुलांच्या आया करतात. बाईंचा पगार देणारे म्हातारे दुकानदार गेले. त्यांच्या मुलाने दोन महिने दिला आणि मग दुकानातल्या मंदीबद्दल सांगायला लागला. म्हणून तुमच्या दारात आले.

एक मुलगी आहे, सात वर्षांची. आई लाँड्रीत इस्त्री करते. तिनेच मुलीला भिंगरी म्हणायला सुरुवात केली, कारण पाय चालत नसले तरी ही ढुंगणावर सरकत सगळं घर पालथं घालायची. तीन वर्षांपूर्वी पाठीला उशी लावून बसवावी लागत होती. आता कठडा धरून उभी राहते, आणि सुताराने केलेला लाकडी वॉकर पुढे ढकलत चालते. वॉकर करकरतो, म्हणून ती येताना आधी कळतं.

तुमच्या मॅडम पुढच्या महिन्यात बघायला येणार असं पत्र आलंय. त्यांना काय आवडतं तेवढं कळव. आईच्या गुडघ्यांचं कसं आहे?

ताई


१५ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र आईने टपालवाल्याकडून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, मग मला दिलं. तिचे गुडघे आहेत तसेच आहेत. बायकोने आणलेला पट्टा लावत नाही, कपाटात जपून ठेवलाय, दुखेल तेव्हा लावीन म्हणते.

आमच्या विश्वस्त मॅडम कमी बोलतात आणि जास्त बघतात. रडगाणं त्यांना खपत नाही. खोल्या स्वच्छ ठेव, वेळ पाळ, काम दिसू दे. मुलगी चालते म्हणतेस, तर चालू दे त्यांच्यासमोर.

आणि ताई, तिथे माझा उल्लेख चुकूनही नको. आमचे विभागप्रमुख या वर्षी निवृत्त होतात. त्या खुर्चीसाठी आम्ही दोघे आहोत, आणि दुसरा भिंग घेऊन माझ्या चुका शोधतोय. एवढं वर्ष सांभाळून घे. मी काही केलं नाही तरी चालेल असं तूच म्हणालीस, ते मला बरं वाटलं.

तुझा,
धाकटा


२० मार्च

चि. धाकट्यास,

काल तुमच्या मॅडम येऊन गेल्या, आणि आज सकाळी माझे पाय जमिनीवर नाहीत. या वयात शोभत नाही, पण लिहितेच.

तू स्वच्छता म्हणालास आणि आयांनी ते फारच मनावर घेतलं. सगळ्यांनी मिळून भिंतींना चुना दिला, शाईचा वास गेला आणि चुन्याचा आला. शेजारच्या वकिलाच्या ऑफिसातून गादीच्या खुर्च्या आणल्या. त्याने एक पाय मोडका आहे असं सांगून दिल्या, म्हणजे परत करताना आम्ही मोडला असं होऊ नये. आया ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. भिंगरीच्या आईने लाँड्रीतून सगळ्यांच्या पोरांच्या कपड्यांना इस्त्री करून आणली, मालकाला न सांगता. मी म्हटलं, एवढं कशाला. तर म्हणाली, "पाहुणे येणार. आपण गबाळं दिसलो तर त्यांना वाटेल, यांना काही किंमत नाही."

मॅडम खुर्चीत बसल्या, मोडक्या पायाच्याच. भिंगरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिने वॉकर धरला आणि निघाली. खोलीभर फक्त करकर. मध्ये एकदा तिचा पाय आडवा पडला, तिची आई पुढे धावली, तर हिने मानेनेच तिला थांबवलं. मॅडमच्या गुडघ्यापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कोणी आणलं नाही. मीच आले."

 मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. जाताना मात्र तिच्या पायांकडे बघून विचारलं, हिचे बूट कुठले. मी म्हटलं, तिच्या मापाचे मिळत नाहीत, घोट्याला आधार देणारे लागतात. त्यांनी मान हलवली.

धाकट्या, मिळणार रे अनुदान. हातच्या काकणाला आरसा कशाला?

ताई


९ जून

ती. ताईस,

नमस्कार. अधिकृत पत्र तुला मिळालं असेलच. मी आधी लिहायला हवं होतं, पण धीर झाला नाही.

कारण तुला खासगीत सांगतो. तुमच्याकडे गरज तीव्र दिसत नाही असं मॅडमचं मत पडलं. भिंतींना नवा रंग, गादीच्या खुर्च्या, आयांचे कपडे चांगले. आणि मुलगी चालली. प्रस्तावात लिहिलंय की ही मुलं वंचित आहेत, सेवा पोचत नाही, आणि समोर तर मूल चालत येतंय. काम झालेलंच आहे, मग पैसे कशाला, असा अर्थ निघतो. आमच्याकडे पन्नास अर्ज येतात ताई, जिथे जास्त दुखतं तिथे औषध जातं.

पुढच्या फेरीला पुन्हा अर्ज कर. या वेळी यश नको दाखवूस, गरज दाखव. रंगरंगोटी नको, खुर्च्या नकोत. लाभार्थी रोजच्या कपड्यांत असू देत. आणि त्या मुलीला त्या दिवशी चालवू नकोस, बसव. खोटं काही बोलायचं नाही, फक्त कमी दाखवायचं.

आई म्हणते, तुझा आवाज ऐकून दिवस झाले. तिच्या फोनवर कर, माझ्या नको.

धाकटा


२ जुलै

चि. धाकट्यास,

तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांगू नकोस. बाई चष्मा पुसत होती तेव्हा मला वाटलं डोळे भरले. काच धुरकट झाली असणार.

लाभार्थी म्हणे. ज्यांना काही लाभलं नाही त्यांना तुम्ही लाभार्थी म्हणता, हा तुमचा विनोद चांगला आहे. चुन्याचे पैसे आयांनी आपसात जमवले होते. एकीने लग्नात मिळालेली साडी नेसली होती, दुसरीने नणंदेची मागून आणली होती. मोडकी खुर्ची तर वकील परत घ्यायलाच तयार नाही. चांगलं दिसायचं म्हणून लोक झिजले, आणि चांगले दिसले म्हणून नापास झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

व्यायामाच्या बाईंनी तीन दिवसांचा एक केला. तो एक दिवस फुकट येतात. त्यांचंही घर आहे, मी कोणत्या तोंडाने जास्त मागू? आया करतात, पण आया कामालाही जातात. मुलं हळूहळू आखडायला लागलीत. सकाळी उठवताना ओरडतात.

नकार कळला त्या दिवशी भिंगरीची आई मला विचारत होती, आमचं काय कमी पडलं. मी चिडले होते. म्हटलं, काही कमी नाही पडलं, तुझी मुलगी चालली हेच जास्त झालं. भिंगरी कठड्याला धरून उभी होती. तिने ऐकलं असेल असं तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

आणि मी तिला बस म्हणू? तीन वर्षं ऊठ ऊठ म्हणत घसा कोरडा केला, रुसली तर समजूत काढली, पडली तर न उचलता उभी राहिले, कारण बाईंनी तसं सांगितलं होतं. आता पाहुणे आले म्हणून बस म्हणू? भीक नको पण कुत्रं आवर, असं तुमच्या फाउंडेशनला माझ्या वतीने सांग.

ताई


१८ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. एवढी रागावलीस की चार महिने कागदही लिहिला नाहीस. आईकडून कळलं की तू पुन्हा अर्ज केला आहेस. बरं केलंस. राग पोटात ठेवून पगार निघत नाहीत.

आनंदाची बातमी अशी की मी विभागप्रमुख झालो. आईने शेजारी सांगून झालं, तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. तुझ्यामुळे शिकलो हे मी विसरलेलो नाही.

बघायला पुन्हा मॅडमच येणार आहेत, जानेवारीत. मी सांगितलेलं लक्षात ठेव. एका दिवसाचा प्रश्न आहे, मुलगी एक दिवस बसली तर तिचं काही जात नाही. आणि एक कर, गेल्या वर्षीच्या नकाराचा विषय त्यांच्याशी काढू नकोस. त्यांना ते आवडत नाही. झालं गेलं उकरून काय मिळतं?

धाकटा


२३ जानेवारी

धाकट्या,

आज आशीर्वाद लिहीत नाही. आत शोधून पाहिले, सापडले नाहीत.

मी तुझं ऐकलं. का ऐकलं तेही सांगते. डिसेंबरात बाईंना दुसरीकडे नोकरी मिळाली, पगाराची. फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबते म्हणाल्या, नंतर त्यांचाही नाइलाज. तेव्हा मी आयांना जमवलं आणि म्हटलं, या वेळी इस्त्री नको. कोणी काही विचारलं नाही. त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

भिंगरीला मी स्वतः सांगितलं. पाहुणे येतील तेव्हा बसायचं. ती म्हणाली, किती वेळ? मी म्हटलं, त्या जाईपर्यंत. तिने विचारलं, मग पैसे मिळतील? मी हो म्हटलं. वॉकर मी माझ्या हाताने मागच्या खोलीत नेऊन कागदांच्या रद्दीमागे ठेवला. नेताना करकरत होता.

मॅडम आल्या. भिंती परत काळवंडल्या आहेत, सतरंजी फाटकी. त्या बसल्याच नाहीत. उभ्या उभ्या इकडे तिकडे बघत म्हणाल्या, "ती कुठे आहे? मीच आले म्हणणारी?"

त्यांच्या हातात खोकं होतं. बुटांचं, घोट्याला आधार असलेल्या. माप डोळ्यांनी घेतलं होतं, वर्षभर वाढलेला पाय धरून थोडं मोठंच घेतलं होतं. भिंगरी भिंतीशी सतरंजीवर बसली होती, पाय पुढे टाकून. मॅडम तिच्याजवळ गेल्या, मग माझ्याकडे वळल्या. गेल्या वर्षी ही चालली होती ना, असं विचारलं. मी म्हटलं, बाईंचा पगार थांबला, व्यायाम मागे पडले, आता नाही चालत ती. हे सगळं भिंगरीसमोर बोलले. तिने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, आमचं ठरलं असल्यासारखी. ठरलंच होतं ना.

मॅडमनी खोकं खिडकीत ठेवलं. आणि मग जे बोलल्या ते तुला त्यांच्याच शब्दांत लिहिते. "चूक आमची आहे. मी परत जाऊन सांगितलं होतं, पैसे इथेच द्या, इथे काम होतंय. आमचेच एक अधिकारी आडवे आले. म्हणाले, मूल चालतंय म्हणजे गरज संपली. फार जोर लावला त्यांनी. मी एकटी पडले." मी विचारलं, कोण अधिकारी. नाव त्यांनी घेतलं नाही, फक्त म्हणाल्या की आता ते विभागप्रमुख झालेत.

माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो त्यांना द्यायचा विसरले आणि स्वतःच प्यायले.

मी तुला मदत कर म्हटलं नव्हतं. मध्ये येऊ नकोस एवढंच म्हटलं होतं. तू मध्ये आलास, वर त्या बाईच्या नावावर खपवलंस, वर मला शहाणपण शिकवलंस की मुलीला बसव. ती बाई ज्या मुलीला चालताना बघायला आली, तिला मी तुझ्या सल्ल्याने भिंतीशी बसवली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ हे आपण शाळेत पाठ केलं होतं. पाठ करून परीक्षेत लिहायचं असतं, वागायचं नसतं, हे तुला कोणी सांगितलं नाही का?

ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

तुझं पत्र आईने घेतलं, आणि या वेळी फोडलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते आणि आत जाते.

तू माझी बाजू विचारली नाहीस, तरी सांगतो. त्या बैठकीत समोर खुर्चीसाठीचा तो दुसरा बसला होता. त्याला आपल्या नात्याचा वास आलाय असा मला संशय होता. मी तुझ्या बाजूने बोललो असतो तर संपलो असतो. गप्प बसलो असतो तरी त्याने बोट ठेवलं असतं, हा का गप्प, म्हणून. विरोध केला की कोणी शंका घेत नाही. बोलायला लागलो आणि जरा जास्तच बोललो, हे खरं. पण मनात पक्कं होतं की पुढच्या वर्षी तुला मिळवून देईन. मॅडमचं नाव घेतलं कारण तू त्यांना परत भेटशील असं वाटलं नव्हतं. त्या दरवर्षी वेगळ्या संस्था बघतात, या वर्षी त्यांनी हट्टाने तुमचीच मागून घेतली.

असो. अनुदान मंजूर झालंय, तीन वर्षांचं. कोणीही विरोध केला नाही. पत्र वेगळं येईल. तुला पैसे हवे होते, ते आले. आता बाईंना थांबवून घे.

एक ऑफिसचं काम. अहवालासाठी त्या मुलीचे दोन फोटो लागतील, आधीचा आणि नंतरचा. बसलेला मॅडमनी काढला आहे. सहा महिन्यांनी उभी असतानाचा पाठव. ती उभी राहतेच, त्यामुळे अडचण यायची नाही.

धाकटा


१६ एप्रिल

चि. धाकट्यास,

पैसे आले. मी घेतले. परत करीन असं तुला वाटलं असेल तर माझी ऐपत तुला माहीत नाही. बाई थांबल्या, तीन दिवस येतात, इतर मुलं मोकळी व्हायला लागलीत. सकाळचं ओरडणं कमी झालंय. हे तुला कळावं म्हणून लिहिते, आभार म्हणून नाही.

तू म्हणालास अडचण यायची नाही. भिंगरी उभी राहत नाही.

आधी वाटलं रुसलीय. मग भीती वाटली की आम्ही बोललो ते खरंच झालं. बाईंनी दोन्ही पाय नीट तपासले, वाकवून पाहिले, जोर लावून घेतला. पायांत काही बिघाड नाही म्हणाल्या, होते तसेच आहेत. सतरंजीवर सगळे व्यायाम करते. कठड्यापाशी नेलं की अंग सोडून देते. तिच्या आईने विनवलं, मारलंही एकदा, आणि मग स्वतःच रडत बसली. नवे बूट घालून बसते, फडक्याने पुसते, पण ते घालून उठत नाही. वॉकर मी रद्दीमागून काढून तिच्याजवळ आणून ठेवला. तिने तो हाताने लांब सरकवला.

काल आया गेल्यावर मी तिच्याजवळ सतरंजीवर बसले. म्हटलं, आता कोणी पाहुणे नाहीत, दार लावलेलं आहे, मी कोणाला सांगणार नाही, एकदा ऊठ बघू. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. आणि मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, "मावशी, गेल्या वेळी मी चालले तर पैसे नाही आले. आता बसले तर आले. परत चालले तर ते परत नेतील ना. मग बाई जातील, आणि सगळ्यांचं दुखेल."

मी नाही म्हटलं. कोणी नेत नाही म्हटलं. तर तिने विचारलं, मग तेव्हा का नाही दिले?

 तिला खरं सांगायचं तर तुझं नाव सांगावं लागलं असतं, आणि तू माझा भाऊ आहेस हे तिला सांगायची मला लाज वाटली.

तेव्हा नंतरचा फोटो नाही. तुझ्या अहवालात ती जागा कोरी ठेव. आणि रजा काढून इकडे ये. हॉटेलात उतर, माझ्याकडे नको. सतरंजीवर तिच्यासमोर बस आणि तिचं कुठे चुकतंय ते तिला दाखव. तू विभागप्रमुख आहेस, तुमचे नियम तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

आईला म्हणावं, गुडघ्याचा पट्टा लाव.

ताई